तपासनीस नंबर सात

घरात तीन सुऱ्या, एक विळी आणि सुपारी सुटून वीस वर्षं झाली तरी न सुटलेला एक अडकित्ता असताना मी घडीचा चाकू घेतला. ‘कशाला?’ असा प्रश्न स्वयंपाकघरातून आला. ‘ट्रेकला लागतो,’ म्हणालो. माझा ट्रेक म्हणजे वर्षातून दोनदा सिंहगड आणि वर पोचल्यावर पिठलं-भाकरी. यातल्या कशालाही आजवर चाकू लागलेला नाही. पण पुरुषाचं एक वय असं येतं, की टॉर्च, दुर्बीण आणि चाकू या तिन्ही वस्तू झाल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. माझी टॉर्च आणि दुर्बीण झाली होती.

किंमत तेराशेला एक रुपया कमी. जाहिरातीत दवानं भिजलेला कातळ, कातळावर चाकू, मागे धुक्यात एक दाढीवाला. पोलाद म्हणे डी-२. हे पोलाद मुळात छाप आणि साचे करायला वापरतात. भलतं टणक असतं, धार धरून ठेवतं, पण लिंबू कापून तसंच ठेवलं तर गंजाचे ठिपकेही धरतं. हे सगळं मी आठवडाभर वाचून काढलं होतं. लग्नाआधी बायकोच्या घरच्यांनी माझी इतकी चौकशी केली नव्हती.

खोकं उघडलं तर आधी दिसला एक सोनेरी गोल स्टिकर. त्यावर ‘क्यूसी पास’ आणि खाली निळ्या शाईत एक झोकदार ७. तपासनीस नंबर सात! मला भरून आलं. कुठल्याशा कारखान्यात कुणीतरी माझा चाकू हातात घेतला, उघडला, मिटला, उजेडात धरला आणि समाधानानं मान हलवून सही ठोकली. हे चित्र डोळ्यांपुढे ठेवून मी चाकू उजेडात धरला.

मिटलेलं पातं मुठीच्या बरोबर मध्ये असावं अशी अपेक्षा असते. माझं पातं कात्रजच्या बसमध्ये शेजाऱ्याच्या खांद्यावर मान टाकून झोपलेल्या माणसासारखं डाव्या पट्टीला टेकलं होतं. उघडल्यावर जागं झालं, पण शुद्धीवर आलं नाही. टोकाला धरून हलवलं की डावीउजवीकडे डुलायचं. गॅरेजवाले याला ‘प्ले आहे’ म्हणतात, आणि त्यात खेळण्यासारखं काही नसतं. धारेकडे पाहिलं तर एका बाजूला पैठणीचा काठ, दुसऱ्या बाजूला पंचाची किनार. मुठीजवळच्या अर्ध्या सेंटिमीटरला धारच नव्हती, बहुधा तिथवर पोचेपर्यंत जेवणाची सुट्टी झाली असावी.

हे तिन्ही दोष मी गिळले. चाकूत काही दोष डोळ्यांना खुपणारे असतात, काही हाताला. डोळ्यांचं मनावर घेऊ नये. पातं जरा कलतं बसलं म्हणून पेरू तक्रार करत नाही. धार वेडीवाकडी असली तर ती कडेनं मार्करनं काळी करायची आणि सावकाश दगडावर ओढायची. जिथली शाई जाते तिथे दगड लागतो, जिथली राहते तिथे लागत नाही. दोन संध्याकाळी आणि एक बनियन यांचं नुकसान सोडलं तर काम होतं.

चौथा दोष मात्र गिळण्यातला नव्हता. चाकू उघडला की मुठीतली एक स्प्रिंगदार पट्टी सरकून पात्याच्या बुडाखाली अडसर होऊन बसते. तोच लॉक. पट्टीची निदान पाव ते अर्धी जाडी तरी बुडाखाली गेली पाहिजे. माझी पट्टी विरार लोकलच्या पायरीवर एका पायावर लटकणाऱ्यासारखी जेमतेम कडेला टेकली होती. बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून पाठीवर अंगठ्यानं जरा दाबलं, तर अडसर निसटला आणि पातं मिटलं. जिथे मिटलं, तिथे एरवी माझी चार बोटं असतात. मी स्तंभलेखक आहे. दोन बोटांवर काम भागतं, तरी पण.

मित्राला दाखवला. तो म्हणाला, ‘अरे, वापरता वापरता बसेल.’ हा सल्ला आपण नव्या चपलेबद्दल देतो, नव्या जावयाबद्दल देतो आणि नव्या सरकारबद्दलही देतो. चप्पल बसते.

मग मी स्वतःच दुरुस्तीला बसलो. पातं ज्याच्याभोवती फिरतं तो स्क्रू चांदणीच्या खाचेचा. त्याचा पाना घरात नसतो, कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडेही नसतो. त्याच्याकडे त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा नंबर असतो. अलीकडचा घेऊन जोर लावला. स्क्रू घट्ट केला तर पातं उघडेना, सैल केला तर डुलायला लागलं. मधला बिंदू कुठेतरी असतो, एका फेऱ्याच्या आठव्या हिश्श्यात, आणि तो सापडला की स्क्रू आपण होऊन सैल होतो. म्हणून जाणकार त्याला निळ्या गमाचा एक थेंब लावतात. मी लावला. दुसऱ्या दिवशी वॉरंटीचं कार्ड वाचलं. त्यात लिहिलं होतं, ग्राहकानं स्क्रूला हात लावल्यास वॉरंटी रद्द. लॉक होता तिथेच होता. स्क्रूच्या डोक्यावर मात्र एक नवा ओरखडा आला होता.

आता तपासनीस सातबद्दल बोलू. मला वाटायचं, तपासणी म्हणजे प्रत्येक नग पाहणं. तसं सहसा कुणी करत नाही, परवडत नाही. नमुना काढतात, आणि त्याचंही आंतरराष्ट्रीय कोष्टक आहे, आयएसओ २८५९ नावाचं. हजार चाकूंचा ढीग असेल तर नेहमीच्या पातळीला त्यातले ऐंशी काढायचे. ठळक दोषांना सर्रास लावतात त्या अडीचच्या रकान्यात पाहिलं, तर ऐंशीपैकी पाचांपर्यंत सदोष निघाले की अख्खा ढीग पास. सहावा निघाला की नापास. गणित चोख आहे, माझी त्याच्याबद्दल काही तक्रार नाही. फक्त या हिशेबात मी कुठे बसतो ते पाहायचं. एकतर माझा चाकू त्या माफ केलेल्या पाचांतला, नाहीतर ज्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही अशा नऊशेवीसांतला. यांची तपासणी पुढे कोण करतं? ज्यानं बाराशे नव्याण्णव भरले तो. कारखान्यात या कामाला पगार असतो. घरी आपण पैसे देऊन हेच काम करतो आणि त्याला ‘अनबॉक्सिंग’ म्हणतो.

दोष नुसता असून चालत नाही, जुना असावा लागतो. फ्रान्समधल्या साव्होआ प्रांतात १८९० पासून ओपिनेल नावाचा लाकडी मुठीचा चाकू होतो. भिजला की लाकूड फुगतं आणि पातं आत रुतून बसतं, नखानं ओढून निघत नाही. तेराशेच्या चाकूत हे झालं असतं तर आपण एक तारा दिला असता. तिथले लोक मुठीचं बूड टेबलाच्या कडेवर आपटतात, पातं थोडं वर येतं, आणि या आपटण्याला ‘साव्होआवाल्याचा ठोका’ असं भारदस्त नाव आहे. नुसता बिघाड सव्वाशे वर्षं सांभाळला की त्याचा वारसा होतो. आपलं रामपूर तर आणखी पुढे गेलं. रामपुरी चाकूसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावानं २०२३ मध्ये चौकात वीस फुटी चाकू उभा केला. तो कायम उघडाच असतो, त्यामुळे लॉकचा प्रश्नच मिटला.

माझा मिटला नव्हता, म्हणजे चाकू मिटत होता, नको तेव्हा. परत करायला घेतला. ‘परतीचं कारण निवडा,’ असं आलं. साइज लहान आहे. साइज मोठा आहे. रंग आवडला नाही. विचार बदलला. ‘बोटं जातील’ हा पर्याय यादीत नव्हता. मी ‘इतर’ निवडलं. चॅटवरच्या मदतनीसानं कळवलं, ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, सर. आपण चाकू चार्ज करून पाहिलात का?’

तिसऱ्या दिवशी चाकू न्यायला मुलगा आला. हेल्मेट डोक्यावरच, पाठीवर त्याच्यापेक्षा मोठी पिशवी, मोबाइलवर दारातच भरायचा तपासणीचा फॉर्म.

‘काका, वस्तू फोटोत आहे तीच ना?’

‘तीच.’

‘खोकं, कार्ड, सगळं आहे?’

‘आहे.’

‘वस्तूत काही खराबी नाही ना?’

‘खराबी आहे म्हणून तर परत देतोय.’

‘मग घेता येणार नाही, काका. खराब माल उचलायचा नाही असं आहे.’

‘अरे, पण चांगला माल मी परत कशाला देईन?’

‘तेच ना,’ तो सहानुभूतीनं म्हणाला.

मग त्यानं चाकू हातात घेतला. उघडला, कानाजवळ नेऊन हलवला. ‘प्ले आहे. आमच्या गाडीच्या हँडलला असाच आहे.’ उजेडात धरला. ‘धार एकीकडेच लावलीये.’ पाठीवर अंगठा टेकवला, पातं निसटलं, त्यानं झटक्यात हात मागे घेतला. ‘बाप रे! हा तर डेंजर आहे, काका.’ सगळं मिळून दहा सेकंद लागले. कारखाना, गोदाम आणि माझं घर एवढ्या प्रवासात मी सोडून तो चाकू उघडून पाहणारा पहिला माणूस माझ्या दारात उभा होता, आणि त्याला नगामागे पैसे मिळत होते. मग त्याची नजर स्क्रूवरच्या ओरखड्यावर गेली. त्यानं मोबाइलवर बोट टेकवलं. पाच मिनिटांत मला मेसेज आला, की आपली परती क्वालिटी चेकमध्ये नापास झाली आहे.

म्हणजे चाकू माझ्याकडे येताना पास आणि माझ्याकडून जाताना नापास! तोच चाकू, तोच लॉक. मध्ये फक्त मी होतो.

इथे मी ग्राहक झालो. एरवी आपण गिऱ्हाईक असतो. कायदा वाचला की ग्राहक होतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन विकणाऱ्याला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव-पत्ता साइटवर द्यावा लागतो. त्यानं अठ्ठेचाळीस तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याच्या आत निकाल द्यायचा. हे नाव साइटवर असतं, फक्त पानाच्या अगदी तळाशी, पंचाच्या किनारीइतक्या बारीक अक्षरात. त्याला लिहिलं. पहिल्या मसुद्यात ‘निकृष्ट’, ‘संतापजनक’ आणि ‘बेजबाबदार’ हे शब्द होते, ते खोडले, कारण निकृष्टपणाचा व्हिडिओ निघत नाही. निसटणाऱ्या लॉकचा निघतो. सात सेकंदांचा व्हिडिओ, बिल आणि ‘सोनेरी स्टिकरचा फोटो सोबत जोडला आहे’ एवढं पाठवलं. खाली हळूच लिहिलं, की १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर मला पाठ आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी लागत नाही हेही ठाऊक आहे. पोच सत्तेचाळिसाव्या तासाला आली. आठवड्यानं नवा चाकू आला. जुना परत नको म्हणाले. त्यांनाही कळलं असावं, तो डेंजर आहे.

पार्सल आणणारा तोच मुलगा. ‘हा उघडून बघू, काका?’ त्यानंच विचारलं. बघितला. ‘लॉक टाइट आहे,’ म्हणाला आणि जिना उतरला.

नव्या खोक्यावरही सोनेरी स्टिकर होता, आणि त्यावर पुन्हा सात. मी दोन्ही स्टिकर शेजारी ठेवले. झोक तोच. शेपटीला सुटलेला शाईचा फराटाही तोच, तसूभर फरक नाही. नखानं खरवडून पाहिलं. छापील होतं.

पातं या खेपेला उजवीकडे कललं होतं. दोन्ही चाकूंची सरासरी काढली तर अगदी मधोमध. जुना मी अडकित्त्याच्या ड्रॉवरमध्ये टाकला, दोघांचं जमेल. नव्याचा लॉक मात्र मुलगा म्हणाला तसा टाइट निघाला, इतका टाइट की उघडलेला चाकू मिटेचना. पट्टी बुडाशी चिकटून बसली होती. यावरचा उपाय मला आता तोंडपाठ आहे. पट्टी जिथे टेकते तिथे शिसपेन्सिल घासायची, शिशानं ती सुटते. पेन्सिल शोधली, तिला टोक नव्हतं. म्हणून त्याच चाकूनं ती तासली, त्याच चाकूवर घासली, आणि तो मुकाट्यानं मिटला.

टोक तेवढं एका बाजूला गेलं.