उताराचा सांधा

घोटा म्हणजे पावलाच्या वर दोन्ही बाजूंना दिसणारे उंचवटे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ती केवळ दर्शनी बाजू. आतला उंचवटा नडगीच्या हाडाचा, बाहेरचा तिच्या शेजारच्या बारीक हाडाचा. सुताराने खाचेत कूस बसवावी तसे या दोहोंच्या बेचक्यात टॅलस नावाचे तिसरे हाड बसलेले असते. टॅलसला एकाही स्नायूचे टोक चिकटलेले नाही. वरून येणारे सगळे वजन ते निमूटपणे झेलते, टाचेकडे आणि पंजाकडे वाटून देते, आणि एवढे करूनही त्याचे नाव घरात कोणाला ठाऊक नसते.

या हाडाची खरी गंमत त्याच्या आकारात आहे. ते पुढे रुंद आणि मागे अरुंद असते. चढताना पाऊल वर वळते, तेव्हा रुंद बाजू खाचेत घट्ट बसते. उतरताना पंजा खाली झुकतो, अरुंद बाजू खाचेत येते आणि सांधा सैल पडतो. म्हणजे दम चढताना लागतो, पण पाय मुरगळतो तो बहुधा उतरताना. तरीही माणसे चढाची काळजी करतात आणि उतारावर गप्पा मारतात.

नाशिकला हे परवडणारे नाही. हे गाव नऊ टेकांवर वसले, असे म्हणतात. जुनी गढी, डिंगर अळी ही त्यांपैकीच. टेकांवरून निघालेली वाट शेवटी गोदावरीकडे उतरते, त्यामुळे उतार चुकत नाही. घाटाच्या पायऱ्या ओल्या असतात, पावसाळ्यात त्यांवर शेवाळ धरते. श्रावणात ब्रह्मगिरीच्या फेरीला निघालेले भाविक चिखलातून, पुष्कळदा अनवाणी चालतात. वणीच्या सप्तशृंगी गडावर २०१८पासून ट्रॉलीची सोय आहे. पण नवस पायऱ्यांचा असेल तर ती घोट्याच्या उपयोगाची नाही. हरिहर गडाच्या कातळात खोदलेल्या, जवळजवळ उभ्या पायऱ्यांवरून मात्र लोक कातळाकडे तोंड करून, खोबणीत बोटे रुतवून, एक शब्द न बोलता उतरतात. तिथून सुखरूप आलेला माणूस खाली सपाटीवर मोबाइल काढतो आणि तिथे मुरगळतो.

मुरगळतो तो बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूला. बाहेरचा उंचवटा आतल्यापेक्षा अधिक खाली उतरलेला असल्याने पाऊल बाहेर वळायला अडते, आत वळायला मोकळे असते. शिवाय आतल्या बाजूचा त्रिकोणी अस्थिबंध दणकट, तर बाहेरचे तीन तुलनेने नाजूक. तळवा आत वळला की त्यांतला पुढचा आधी ताणतो, जोर जास्त असेल तर फाटतो. सूज चढते, काळानिळा रंग उतरतो, आणि घरात वैद्यकाचे वर्ग भरतात. आंबेहळदीचा लेप निरुपद्रवी आहे आणि करणाऱ्याला समाधान देतो. ‘गाठ मोडायला’ कढत तेलाने रगडणे मात्र वाईट. पहिल्या दोन दिवसांत त्याने आतला रक्तस्राव आणि सूज वाढते. पायाळू माणसाला पाचारण करू नये. त्याची ख्याती उसणीपुरती आहे, आणि तोही पायच लावतो.

बर्फाचाही इतिहास सरळ नाही. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंचावर, ही चतुःसूत्री गेब मिर्किन या अमेरिकन डॉक्टरने १९७८मध्ये मांडली. पुढे त्यानेच सांगितले की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांनी भरून येणे लांबू शकते. वेदना कमी करायला थोडा वेळ बर्फ चालतो, तोही कापडात गुंडाळून.

हाड मोडले का, हा खरा प्रश्न. त्यासाठी १९९२मध्ये कॅनडातल्या ओटावा शहरातून नियम आले. उंचवट्याच्या मागच्या कडेला, खालच्या ६ सेंटीमीटरांत हाड दाबल्यावर दुखले, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढावा. लंगडत टाकलेली पावले धरतात. शेजारच्या काकू हीच परीक्षा ‘चालून दाखव बरं’ म्हणून घेतात, फक्त चारावर थांबत नाहीत. पावलाच्या बाहेरच्या कडेचे करंगळीमागचे हाडही दाबून पाहावे. ते याच झटक्यात मोडते आणि घोट्याच्या गडबडीत विसरले जाते.

घोट्याजवळच्या एका अस्थिभंगाला पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यविशारदाचे नाव आहे. अठराव्या शतकात तो लंडनमध्ये घोड्यावरून पडला. कोणालाही पाय हलवू न देता त्याने तिथेच एक दार विकत घ्यायला लावले आणि त्यावर निजून घरी गेला, अशी कथा सांगतात. मात्र त्याचे स्वतःचे मोडले ते हाड या प्रकारात बसत नव्हते.

टाचेमागची जाड शीर तुटते तेव्हा मागून कोणी लाथ मारल्यासारखे वाटते. रुग्ण वळून बघतो, कोणी नसते. अशा वेळी भांडण न काढता त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे जावे.

किरकोळ मुरगळ एक-दोन आठवड्यांत भरते, बंध पुरता तुटला तर महिने लागतात. सूज उतरली म्हणजे काम झाले, असे नाही. पाऊल कसे पडले याची बातमी मेंदूला देणारे संवेदक त्या बंधांतही असतात. ते दुखावले की बातमी उशिरा पोहोचते आणि तोच पाय पुन्हा वळतो. उपाय म्हणजे एका पायावर उभे राहणे: आधी फरशीवर, मग घडी घातलेल्या गोधडीवर, शेवटी डोळे मिटून. या शेवटच्या वेळी हाताशी भिंत असावी. चाकांची खुर्ची धरल्यास मनगटाच्या दुखापतींचे स्वतंत्र प्रकरण सुरू होते.