मंडळाचे कोडिंगकाका

मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, कुठल्याही सार्वजनिक मंडळाच्या खोलीत रविवारी सकाळी डोकवा. ढोल, कॅरम आणि थर्माकोलबंदीनंतरही टाकवत नसलेलं मखर यांच्या मधोमध एक गृहस्थ पोरांवर डाफरताना दिसतील. हे कोडिंगकाका. पूर्वी हीच मंडळी स्कॉलरशिपची गणितं घालायची.

काकांची हयात अंधेरीच्या सीप्झमध्ये गेली. कोबोल ही त्यांची मातृभाषा, मराठी नंतर सुचते. वर्ष दोनच आकड्यांत लिहिल्यामुळे 2000 साल उजाडताच संगणक गोंधळणार म्हणून जगभर जी धावपळ झाली, त्यात काकाही होते. ती रात्र बऱ्यापैकी सुखरूप पार पडली. याचं श्रेय ते आजही एकट्याने घेतात.

लॅपटॉप भाच्याच्या ऑफिसने काढून टाकलेले. चार्जर उपटला की मान टाकतात. वायफाय वरच्या मजल्यावरच्या चिटणिसांचं. वहिनींनी मालिका लावली की मांजर जागच्या जागी थिजतं.

मांजर म्हणजे स्क्रॅचमधलं. अमेरिकेतल्या एमआयटीने 2007 मध्ये आणलेली ही मुलांची भाषा. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवले की पडद्यावरचं मांजर चालतं. विरामचिन्हं चुकायची सोयच नाही. काकांना नेमकं तेच खुपतं. "अरे, एका पूर्णविरामापायी आम्ही रात्री जागवल्यात!"

म्हणून आधी फळ्यावर चहाचा फ्लोचार्ट. 'दूध आहे का?' अशी चौकट निघते.

"काका, नसेल तर?"

"डेअरीत जा."

"सुट्टे नसतील तर?"

"जीपे कर."

"रेंज नसेल तर?"

फळा भरतो, चहा काही होत नाही. काका मात्र खूश. "याला म्हणतात एक्सेप्शन हँडलिंग!"

तेवढ्यात खजिनदार पावतीपुस्तकाच्या हिशेबासाठी काकांना बाहेर बोलावतात, आणि वर्ग खरा सुरू होतो. पोरं मांजरांची दहीहंडी रचतात. उणे 150 पासून सुरुवात, दर थराला 60 ने वर. सहा थर झकास लागतात. सातव्याचे नुसते पाय दिसतात, कारण पडद्याची उंची 180 ला संपते. "थर कमी करा," एकजण म्हणतो. "हट्! मांजरं बारीक करा," सहावीतली एक मुलगी म्हणते आणि आकार निम्म्यावर आणते. मग थरांमध्ये फटी पडतात, म्हणून 60 चे 40 होतात. गोविंदा आला रे!

सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 मध्ये 'लोगो' ही मुलांची भाषा काढली. यंत्राने पोराला नव्हे, पोराने यंत्राला शिकवावं, हा पॅपर्ट यांचा आग्रह. काकांनी पॅपर्ट वाचलेले नाहीत. मंडळाच्या पावतीपुस्तकामुळे ते आपोआप अमलात येतात.

काका परततात. सात थर बघून क्षणभर गप्प होतात. मग विचारतात, "फ्लोचार्ट कुठाय?" पाठोपाठ फोटो ग्रुपवर जातो: 'आमच्या मार्गदर्शनाखाली.'

शिकवण्यात काकांना मी काठावर पास करीन. पण दर रविवारी न चुकता खोलीचं कुलूप उघडणारा दुसरा माणूस आख्ख्या मंडळात नाही, आणि पोरांना लागतं तेवढंच.

वर्गाला फी नाही. लॅपटॉप आणणाऱ्यांनी चार्जर आणावा, सोबत येणाऱ्या पालकांनी वर्गणी.