पक्ष्यांसाठी, पण पक्ष्यांविना

औंढा नागनाथच्या परिसरात फाल्गुनात पळस फुलला की मैना, शिंजीर आमंत्रणाविना जमतात. शहरांना मात्र त्यांच्यासाठी ‘पक्षी उद्यान’ बांधावे लागते. तांबट वाळक्या फांदीत घर कोरतो, वेडा राघू मातीच्या दरडीत बीळ खणतो. सुशोभीकरण सुरू होते ते नेमके वाळकी फांदी तोडून आणि दरडीला दगडी पिचिंग करून. वर सिमेंटचा बगळा. तो निदान उडून जात नाही. सोयी नसतील तर माणसे येतील कशी, हा आक्षेप रास्तच. पण बाके, स्वच्छतागृह प्रवेशद्वाराशी असले तरी भागते. काठाला झाडोरा राहू द्यायला निविदाही लागत नाही, आणि अडचण बहुधा तिथेच आहे. औंढ्याजवळ होऊ घातलेल्या लायगो या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेच्या अमेरिकेतील हॅनफर्ड येथील भावंडाने पाइपवरचा बर्फ टोचणाऱ्या रेव्हन कावळ्यांच्या टकटकीचीही दखल घेतली होती. गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्यांना पक्षी ऐकू येतो, उद्यान विभागाला नाही.