सबमीटरची निष्ठा

बारामती एमआयडीसीजवळ खोली घेताना मालकांनी दोनच नियम सांगितले: चपला बाहेर काढायच्या आणि युनिटला 12 रुपये. महावितरणचा घरगुती दर 100, 300, 500 युनिटांच्या पायऱ्यांनी चढतो. सहा खोल्या एकाच मीटरवर जोडल्या, की सहा काटकसरी भाडेकरूंचा मिळून एक उधळ्या ग्राहक तयार होतो. एकात्मता म्हणतात ती हीच.

माझा सबमीटर तर फारच निष्ठावान. दिवाळीत आठ दिवस इंदापूरला गावी होतो. खोलीला कुलूप, मेन स्विच बंद. परत आलो तर याने 14 युनिट जमवून ठेवलेले! पाण्याच्या मोटरचा, जिन्यातल्या बल्बचा वाटा वेगळा. खरं तर येता-जाता रस्त्यावरच्या दिव्याखालूनही आम्ही फुकटच जातो. तोही धरावा.

एकदा धीर करून म्हणालो, "काका, मूळ बिल बघू का?"

"बघा की. पण अंधार आहे, लाइट लावावी लागेल."

2003च्या वीज कायद्याच्या 43व्या कलमानुसार मालकच नव्हे, जागेत राहणाराही स्वतंत्र जोडणी मागू शकतो. हे मला कळलं, तेव्हा अकरा महिन्यांच्या करारातले दहा उलटले होते.