हप्ता भरला असल्यास तीन दाबा

फोनवरची बाई फार सभ्य आहे. सकाळी चहा उकळायला ठेवला की ती मला दुसऱ्याच एका भल्या माणसाच्या नावाने हाक मारते, मोटारसायकलचा हप्ता थकल्याचं सांगते आणि तीन मार्ग सुचवते. आज भरणार असाल तर एक दाबा. उद्या भरणार असाल तर दोन दाबा. भरला असेल तर तीन दाबा.

‘तो मी नव्हेच’ यासाठी बटण नाही.

शून्य ते नऊ असे दहा आकडे, शिवाय स्टार आणि हॅश. एवढ्यांत एकही आकडा माझ्या वाट्याला ठेवलेला नाही. चार दाबला तर बाई म्हणते, ‘आपण चुकीचा पर्याय निवडला आहे.’ अहो, पर्याय बरोबर आहे, माणूस चुकीचा आहे! पण ती रेकॉर्ड केलेली बाई, तिला कोण सांगणार. शेवटी ब्याद टळावी म्हणून दोन दाबून पाहिला. दुसऱ्या दिवशी आवाज तोच, सूर मात्र वेगळा: ‘आपण काल दिलेलं आश्वासन पाळलेलं नाही.’ म्हणजे कर्ज दुसऱ्याचं आणि शब्द फिरवणारा मी. तीन दाबला तर पावती क्रमांक मागते. मोलगीच्या घाटात सख्ख्या भावाचा फोन लागत नाही, तिथे ही लागते. काठी गावच्या होळीत, ढोलांच्या दणदणाटात, खिसा थरथरला म्हणून घरचं काही असेल या धास्तीने गर्दीतून बाहेर धावलो. हीच.

नंबराचे पूर्वाश्रमीचे मालक कोण, मला ठाऊक नाही. पण त्यांची जन्मतारीख ठाऊक आहे, कारण विमावाल्यांच्या शुभेच्छा मला येतात. त्यांनी कोणत्या कंपनीचं कापसाचं बियाणं घेतलं तेही ठाऊक आहे. कुठल्याशा योजनेच्या केवायसीसाठी बिचारे कुठेतरी रांगेत उभे असतात, तेव्हा त्यांचा ओटीपी अक्कलकुव्यात माझ्या खिशात टुणकन वाजतो. तिकडे ऑपरेटर खेकसत असेल, ‘काका, लवकर सांगा, दोन मिनिटांत बाद होतो.’ इकडे मी तो बाद होताना बघतो.

माणूस गेला तर सुतक तेरा दिवसांचं, नंबराचं किमान नव्वद दिवसांचं. बंद पडलेला नंबर त्याआधी दुसऱ्याला द्यायचा नाही, असा नियम आहे. छान. पण तो बंद का पडतो, हे कधी विचारलंत? दिवाळी झाली की आमच्या तालुक्यातली गावंच्या गावं गुजरातकडे निघतात. ऊसतोडीला, बांधकामाला. टोळीत एक फोन चालतो, बाकीचे रिचार्जवाचून पडून राहतात. आणि रिचार्ज कसला, तर अठ्ठावीस दिवसांचा! पगार महिन्याचा, लाईट बिल महिन्याचं, घरभाडं महिन्याचं. फक्त मोबाईलचा महिना अठ्ठावीस दिवसांचा, म्हणजे वर्षाला तेरा रिचार्ज. दरवर्षी येणारा हा तेरावा महिना कुठल्या पंचांगात आहे, ते एकदा दाखवा! तो परवडला नाही म्हणून माणसाचा नंबर जातो, नंबराबरोबर बँकेचा निरोप जातो, योजनेचा पैसा अडकतो, आणि हे सगळं ज्याच्या नावावर चाललंय त्याला कुणी एका शब्दाने कळवत नाही. बंद झालेल्या नंबरांची यादी सरकारी व्यासपीठावर तयार आहे. ती बघून आपापली दप्तरं साफ करा, असं बँकांना जानेवारी २०२५ मध्येच सांगून झालं, ३१ मार्चची मुदतही दिली. ती यादी उघडायला कितीसे कष्ट पडतात? माझ्यावर रोज फोन करायला पडतात त्याहून कमीच.

अमेरिकेत १९९१ चा कायदा आहे. संमतीवाचून असा यंत्राचा फोन आला तर एका फोनमागे पाचशे डॉलर, जाणूनबुजून केला असेल तर पंधराशेपर्यंत. जुन्या मालकाची संमती नव्याला लागू नाही. हात बदललेल्या नंबरांची यादीही तिथे २०२१ पासून आहे. पाचशे डॉलर म्हणजे आपले चाळीस हजारांच्या वर. मी हिशेब मांडला: बाईच्या दोन फोनांत त्या गृहस्थांची मोटारसायकल फिटते. मग बाईला फोन करायचं कारणच उरत नाही! कर्ज वसूल, कर्जदार मोकळा, माझा चहा निवांत. तिसरा फोन आलाच, तर त्यात पेट्रोल.

आपल्याकडे २०१८ चे नियम आहेत. १९०९ वर नोंद करा, जाहिरातींचे फोन बंद. पण हप्त्याचा फोन जाहिरात नव्हे, ती ‘सेवा’. जाहिरातींच्या फोनांवरून टेलिकॉम कंपन्यांना लाखांत दंड होऊ शकतो, तोही सरकारजमा. ज्याचा चहा उतू गेला त्याला मिळतो तक्रार क्रमांक.

एकदा चुकून जिवंत माणूस लागला.

‘सर, तुमची तक्रार घेता येणार नाही. तुम्ही आमचे कस्टमर नाही.’

‘मग हप्ता माझ्याकडे का मागता?’

‘हप्ता कस्टमरचा आहे सर.’

‘फोन मला येतो.’

‘नंबर कस्टमरचा आहे सर.’

ओळखीच्या वकीलसाहेबांना नंदुरबारला गाठलं. म्हटलं, जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ, पाच लाखांपर्यंत फीसुद्धा नाही. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, ‘भाऊ, त्यात मेख आहे. पैसे मोजून त्यांची सेवा घेतली असेल तर तुम्ही ग्राहक. तुम्ही तर फुकट छळ घेताय.’

म्हणजे दाद मागायची तर आधी कर्ज काढायला हवं. काढू. मी त्यांच्याच शाखेत गेलो, मोटारसायकलच्या कर्जाचा अर्ज भरला, फोटो डकवला. समोरच्या पोराने नंबर टाकला आणि स्क्रीनकडे बघत म्हणाला, ‘काका, हा नंबर आमच्या दुसऱ्या कस्टमरच्या नावावर आहे. त्यांची परवानगी लागेल. त्यांना ओटीपी पाठवलाय.’

माझा खिसा वाजला.