पानाचं चित्र असलेला डबा

अर्धशिशीचा एक मोठा फायदा आहे. ज्याचं डोकं उठतं त्याला तोंड उघडावं लागत नाही, ते काम शेजारीपाजारी करतात. रुग्ण पडदे ओढून, उशाशी बादली घेऊन पडलेला असतो आणि बाहेरच्या खोलीत त्याच्या डोक्यावर परिसंवाद रंगलेला असतो. सूर्योदयापूर्वी दुधात जिलबी, कपाळावर सुंठीचा लेप, नाकपुडीत गाईचं तूप. प्रत्येक वक्त्याच्या नात्यातल्या एका बाईला तो इलाज हमखास लागू पडलेला असतो, आणि ती बाई कायम परगावी राहत असते.

जिलबीपर्यंत ठीक होतं. गुण नाही आला तरी जिलबी तर पोटात जायची. आता तिची जागा हिरव्या डब्याने घेतली आहे. डब्यावर एक पान, पानावर दवबिंदू, खाली ‘शंभर टक्के नैसर्गिक’. धोतराही शंभर टक्के नैसर्गिकच आहे. म्हणून तर तो शंकराला वाहतात, स्वतः खात नाहीत.

डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी घरात आली की तिची कसून चौकशी होते. खोक्यातला घडीचा कागद उलगडून, भिंग लावून दुष्परिणाम वाचले जातात. ‘क्वचित चक्कर’ हे शब्द वाचून अख्ख्या घराला चक्कर येते. ‘सवय लागते हो’, ‘उष्ण पडते’, ‘किडनीवर जाते’ असे ताशेरे ओढून गोळी ड्रॉवरमध्ये नजरकैदेत पडते. हिरव्या डब्याला मात्र दोनच प्रश्न विचारले जातात: कॅप्सूलचं कव्हर शाकाहारी आहे ना, आणि चतुर्थीला चालेल ना? दिवसभर उपाशी राहिल्यानेच अनेकांची अर्धशिशी उठते, हा मुद्दा कुणी काढत नाही. धार्मिक भावना दुखावण्यापेक्षा डोकं दुखलेलं परवडलं.

आमच्याकडे हा डबा वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी आणला. ‘भाऊजी, तुम्हाला म्हणून सांगते, घेऊन तर बघा,’ असं म्हणत त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि मला त्यांच्या विक्रीच्या साखळीत ओवलं. डब्याच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ‘मस्तक-शांती’. मागच्या बाजूला मुंगीलाही चष्मा लागावा अशा अक्षरांत घटकांची यादी: ब्राह्मी, शंखपुष्पी, सुंठ, मॅग्नेशियम, आणि जीवनसत्त्व बी-टू म्हणजे रायबोफ्लेविन, दोन मिलिग्रॅम. त्याखाली, अगदी बुडाशी: ‘औषधी वापरासाठी नाही.’ कायद्याच्या लेखी पूरक आहार हा आहार असतो, औषध नव्हे; म्हणून ही ओळ छापावीच लागते. डबाच कबूल करतोय की मी औषध नाही. पण वहिनींसमोर डब्याचं कोण ऐकतो?

गंमत म्हणजे, यादीतली काही नावं अगदीच उपरी नाहीत. 1998 साली बेल्जियममधल्या मेंदूतज्ज्ञांनी रायबोफ्लेविनची चाचणी प्रसिद्ध केली. 55 रुग्ण, तीन महिने, निम्म्यांना खरी गोळी आणि निम्म्यांना खोटी. खरी घेणाऱ्यांपैकी 59 टक्के लोकांचे डोकेदुखीचे दिवस निम्म्यावर किंवा त्याखाली आले, खोटी घेणाऱ्यांपैकी 15 टक्के लोकांचे. चाचणी छोटी होती, पण निकाल दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता. डोस होता रोज 400 मिलिग्रॅम. वहिनींच्या डब्यातून तेवढं मिळवायचं तर रोज दोनशे कॅप्सूल गिळाव्या लागतील. एका डब्यात साठ. साखळीतल्या वरच्या कडीला हा हिशेब समजला तर ती आनंदाने मूर्च्छित पडेल.

मॅग्नेशियमचंही तसंच. 1996 च्या एका जर्मन चाचणीत रोज 600 मिलिग्रॅम घेणाऱ्यांचे हल्ले सुमारे 42 टक्क्यांनी कमी झाले. खोटी गोळी घेणाऱ्यांचे 16 टक्क्यांनी. मात्र खरी घेणाऱ्यांतल्या जवळपास पाचातल्या एकाला जुलाब झाले. म्हणजे डोकं हलकं होईल, पण सोबत पोटही. बी-टू त्या मानाने सभ्य. फक्त लघवी झगझगीत पिवळी करतं. त्यावर ग्राहक खूश असतो, पैसे कुठे जातात ते निदान दिसतं.

एवढं सगळं असूनही निसर्गावरच श्रद्धा असेल, तर बटरबरची कथा ऐका. युरोपात ओढ्याकाठी वाढणारी, मोठ्या पानांची ही वनस्पती. 2012 साली अमेरिकेतल्या मेंदूतज्ज्ञांच्या आणि डोकेदुखीतज्ज्ञांच्या संघटनांनी तिच्या अर्काला अर्धशिशी टाळण्यासाठी सर्वांत वरची श्रेणी दिली. निसर्गप्रेमींनी पेढे वाटले असणार. पण या झाडात यकृताला घातक असे अल्कलॉइड असतात. ते काढून टाकल्याचा दावा करणारी उत्पादनं घेऊनही यकृत बिघडल्याच्या तक्रारी आल्या, आणि 2015 मध्ये ती शिफारस मागे घेण्यात आली. डोकं राखायला जावं आणि यकृत गमवावं, याला आपल्याकडे ‘रोगापेक्षा इलाज भयंकर’ म्हणतात. तरी शिफारस मागे घेणारे कोण, तर तेच डॉक्टर, ज्यांची गोळी आपण ड्रॉवरमध्ये कोंडतो. कुठल्या डब्याने आपली जाहिरात मागे घेतल्याचं ऐकिवात नाही.

खरा नैसर्गिक उपाय डॉक्टर पहिल्याच भेटीत सांगतात आणि तो कुणालाच आवडत नाही. वेळेवर जेवा, वेळेवर झोपा, पाणी प्या. बी-टू किंवा मॅग्नेशियम घ्यायचंच असेल तर विचारून घ्या, पुरेशा मात्रेत घ्या आणि तीन महिने धीर धरा. किडनीचा त्रास असेल, दिवस गेले असतील, तर विचारल्याशिवाय मुळीच नको. दुखणं थांबवायच्या गोळ्या महिन्यातून दहा-पंधरा दिवस खाल्ल्या तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. आणि एक डायरी ठेवा: कधी दुखलं, काय खाल्लं, किती झोपलात, कोणती गोळी घेतली. आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं एकाएकी फुटल्यासारखं झालं, तर डायरी, डबा आणि परिसंवाद तिघांनाही बाजूला सारून थेट दवाखाना गाठा.

हे सगळं मी वहिनींना सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं. डायरीचा मुद्दा तर त्यांना इतका पटला की ‘भाऊजी, हे मी वरपर्यंत पोचवते,’ असं म्हणूनच त्या उठल्या. आता त्यांच्याकडे दोन डब्यांवर एक डायरी मोफत मिळते. त्यात लिहायची गरज नाही, असं त्या सांगतात. नुसती उशाखाली ठेवली तरी गुण येतो.