पिरॅमिड-ऊर्जेस अनावृत पत्र

अखिल ब्रह्मांडात भरून राहिलेल्या, तरीही पुठ्ठ्याच्या खोक्यात सुखाने नांदणाऱ्या पिरॅमिड-ऊर्जेस,



आपला पत्ता भक्तांनी नेमका सांगितला आहे: शिखराच्या बरोबर खाली, पायापासून एक तृतीयांश उंचीवर. मात्र कोणी मोजमापे घेऊन आले की आपण तिथे सापडत नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहावे लागते. आपली कीर्ती मोठी आहे. आपल्या छत्राखाली मांस कुजत नाही, नुसते वाळते, बोथट पात्याला धार येते, फुले टिकतात. महाराष्ट्रात तर आपण प्लास्टिकच्या इवल्या पिरॅमिडांत शिरून, नऊ-नऊच्या पलटणीने उंबऱ्यापाशी आणि पलंगाखाली पहारा देता आणि चुकीच्या दिशेला बांधलेले संडासही निर्दोष करता. एक वीटही न हलवता वास्तुदोष जातो, हे पाहून गवंड्यांनी अजून मोर्चा कसा काढला नाही, याचेच नवल वाटते.

आपल्या चरित्राचा पहिला अध्याय फ्रान्समधला आहे. १९३० च्या दशकात नीस शहरातले लोखंडी सामानाचे व्यापारी आंत्वान बोव्हिस खुफूच्या पिरॅमिडात गेले, राजाच्या दालनात त्यांना न कुजता वाळलेली मेलेली मांजरे दिसली आणि त्यांना आपला साक्षात्कार झाला, असे सांगतात. खुद्द बोव्हिस यांनी स्वतःच्या पुस्तिकेत इजिप्तच्या वारीचा दावा केलेला नाही. लोलक हाती धरून त्यांनी युरोपातच निष्कर्ष काढले होते. ती मांजरे नंतरच्या लेखकांनी आत सोडली. शिवाय ज्यांनी पिरॅमिड बांधले त्यांना आपला पत्ताच नसावा. मृतदेह टिकवायचा तर ते आतडी-फुप्फुसे काढून टाकत, नेट्रॉन नावाच्या क्षारात देह सुकवत आणि कापडात गुंडाळत. या साऱ्या विधीला सत्तर दिवस लागत. वीस लाखांहून अधिक दगडांचा डोंगर रचणाऱ्या राजाला मिठाचा खर्च वाचवता आला असता, पण आपण त्याच्या कानात काही बोलला नाहीत.

दुसरा अध्याय दाढीचा. प्रागचे रेडिओ अभियंता कारेल द्रबाल यांनी १९४९ मध्ये पुठ्ठ्याच्या पिरॅमिडाखाली दाढीचे पाते धारदार ठेवण्याच्या पद्धतीसाठी पेटंटचा अर्ज केला आणि १९५९ मध्ये त्यांना चेकोस्लोव्हाकियाचे पेटंट क्रमांक ९१३०४ मिळालेही. १९७० मध्ये शीला ऑस्ट्रँडर आणि लिन श्रोडर यांच्या पुस्तकाने ही वार्ता अमेरिकेत नेली आणि आपले दिवस पालटले. आपले भक्त हे पेटंट आजही पुराव्यासारखे पुढे करतात. पेटंट हा मालकीचा कागद असतो, निसर्गाने दिलेला दाखला नव्हे. मुळात पाते बोथट होण्यात पाण्याचा आणि गंजाचा वाटा असतो; दाढीनंतर ते कोरड्या जागी ठेवले तर कोणत्याही आकाराच्या खोक्यात जास्त टिकते. आणि धार किती उरली हे ठरवणारा गाल त्याच माणसाचा, ज्याने आशेने पिरॅमिड चिकटवलेला असतो.

म्हणून प्रश्न ‘पिरॅमिडात वाळले का’ हा नाहीच. प्रश्न आहे, त्याच आकारमानाच्या, तेवढीच हवा खेळणाऱ्या चौकोनी खोक्यापेक्षा पिरॅमिडात वेगळे काही घडले का. हा प्रश्न १९७३ मध्ये टोरांटोत ॲलन ऑल्टर आणि डेल सिमन्स यांनी विचारला. एकाने अन्न वाळवून पाहिले, दुसऱ्याने पाती आणि फुले तपासली. पिरॅमिड इतर आकारांहून सरस ठरला नाही. हे निष्कर्ष छापले कोणी? भुताखेतांच्या आणि अतींद्रिय गोष्टींच्या शोधात आस्थेने रमलेल्या ‘न्यू होरायझन्स’ या नियतकालिकाने! वैज्ञानिकांचा आकस म्हणून हे उडवून लावायची सोयही आपल्या भक्तांना उरली नाही. त्याच वर्षी पॅट्रिक फ्लॅनगन यांचे ‘पिरॅमिड पॉवर’ पुस्तक मात्र झोकात बाजारात आले.

इथे भक्तगण म्हणतात की आपण सूक्ष्म आहात, यंत्रांच्या पलीकडच्या आहात. हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, कारण अदृश्य गोष्टी खरोखरच पिरॅमिडांतून जातात. अंतराळातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे वातावरणात म्युऑन नावाचे कण तयार होतात. तळहाताएवढ्या जागेतून दर सेकंदाला साधारण एक कण आरपार जातो आणि कोणाला कळतही नाही. पण त्यांची मोजदाद होते. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ लुईस अल्वारेझ यांनी इजिप्शियन सहकाऱ्यांसह खाफ्रेच्या पिरॅमिडाखालच्या दालनात म्युऑन मोजणारे यंत्र बसवले होते, गुप्त दालने शोधण्यासाठी. १९६९ मध्ये वर्तमानपत्रात बातमी झळकली की आतली मोजमापे विज्ञानाला चक्रावून टाकत आहेत, आणि भक्तांनी ती अजून जपून ठेवली आहे. १९७० मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेला शोधनिबंध मात्र सरळ होता: पिरॅमिडाचा सुमारे एक पंचमांश भाग तपासला, त्यात लपलेले दालन नाही. पुढे २०१७ मध्ये याच पद्धतीने खुफूच्या पिरॅमिडात किमान तीस मीटर लांबीची पोकळी सापडली. म्युऑनही डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांना कधी भक्तांची वकिली लागली नाही. विश्वास न ठेवणाऱ्यापुढेही ते तितक्याच संख्येने हजर होतात.

आपले तसे नाही. शंकेखोर माणूस जवळ असला की आपण रुसता, असे ऐकतो. तर मग शंकेखोराला बाहेर बसवू. तीस खोकी करू, निम्मी पिरॅमिडाची, निम्मी चौकोनी, आतली हवा सारखी. प्रत्येकात एकाच जुडीतली, तोलून घेतलेली कोथिंबीर. रचना आपल्या भक्तानेच मनोभावे करावी. नंतर दुसऱ्याच कोणी काड्या क्रमांक घातलेल्या ताटल्यांत काढून घ्याव्यात आणि ज्याला आकार ठाऊक नाही अशा तिसऱ्याने वजन करून ताजेपणाचे गुण द्यावेत. कोथिंबीर श्रद्धाळूही नसते आणि नास्तिकही. पुण्यात जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्योतिष्यांना हुशार आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या ओळखायला दिल्या होत्या, तेव्हा यश नाणे उडवून मिळावे तितपतच निघाले. नावे झाकली की ग्रहांची जी गत झाली, ती आपली होऊ नये अशी इच्छा असेल तर ही संधी आहे.

राहिला ‘आम्हाला गुण आला’ हा शेवटचा आक्षेप. गुण आला असेलही. माणूस पिरॅमिड विकत घेतो तो धंदा पार बसल्यावर, सांधे फार दुखू लागल्यावर. तिथून पुढे बरेचदा थोडे सुधारतेच, पिरॅमिड असो वा नसो. ज्यांचे सुधारत नाही ते दुकानात परत येऊन अभिप्राय लिहीत नाहीत. कोणाला समाधान मिळत असेल तर त्यावर माझी हरकत नाही. हरकत आहे ती डॉक्टरची भेट पुढे ढकलून पलंगाखालचे पिरॅमिड वाढवण्यावर, आणि त्या बिलावर, ज्यात प्लास्टिकचे मोल कमी आणि आपल्या नावाचे जास्त असते.

प्रयोगाची तारीख आपण ठरवावी. कोथिंबीर आम्ही आणू.

आपला,
एक शंकेखोर

ता. क. मांडणी उत्तर-दक्षिण हवी म्हणतात. खुफूचा पिरॅमिड खऱ्या भौगोलिक उत्तरेशी अंशाच्या अगदी लहान भागाइतक्या फरकाने जुळलेला आहे, तर आपली माहितीपत्रके होकायंत्र वापरायला सांगतात, ज्याची उत्तर गावोगावी आणि वर्षागणिक सरकते. यांतली कोणती धरायची, तेवढे आधी कळवावे; निकाल लागल्यावर कळवू नये.